कारणाचा रकाना

५ फेब्रुवारी, सोमवार

आज सगळ्यांची कार्डं परत घेतली. एकशे बारा. बावीस वर्षांपूर्वी पहिलं कार्ड मीच बनवलं होतं. फोटो चिकटवायचा, वर प्लास्टिकची पट्टी, आणि यंत्रातून बाहेर आलं की हाताला चटका. आज एकेक उचलून पेटीत टाकताना जीव अडकत होता. लेखा विभागाच्या साहेबांच्या कार्डावर त्यांना चांगले दाट केस आहेत. त्यांनी स्वतःच बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, हा माणूस मला ओळखीचा वाटतो.

उद्यापासून दारं फोनने उघडणार. ज्या तरुण अधिकाऱ्याने ही व्यवस्था आणली आहे त्याला सगळे ‘दारवाले साहेब’ म्हणायला लागलेत. मुलगा नम्र आहे. मला ‘मॅम’ म्हणतो. नोंदणीचं काम अर्थात आस्थापना विभागाचं, म्हणजे माझं. माणसाचा फोन घ्यायचा, माझ्या संगणकावर त्याचं नाव काढायचं, जोडायचं. दोन मिनिटांचं काम.

अख्ख्या मजल्यावर साधा बटणांचा फोन एकटीकडेच निघाला. हॅलोताईकडे. ती आता आवक-जावक सांभाळते, पण पूर्वी टेलिफोनच्या बोर्डावर होती, आणि दिवसभर तिच्या ‘हॅलो’नेच मजला जागा असायचा. तेव्हापासून हेच नाव. आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. ती मला ‘मिस’ म्हणते, कारण मी सिस्टरांच्या शाळेत शिकले आणि अजूनही कंपासपेटी वापरते.

ज्याच्याकडे चालणारा फोन नाही त्याला एक ‘सोबती’ नेमायचा, असा नियम आहे. त्याच्यासाठी दार सोबत्याने आपल्या फोनने उघडायचं. कोण होणार, असं साहेबांनी विचारताच मी हात वर केला. शाळेत करायचे तसा, कोपर सरळ ठेवून. हॅलोताई हसली. म्हणाली, मिस, माझं लग्न तुझ्याशीच लागायचं राहिलं होतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला दिवस. सकाळी लिफ्टपाशी ही गर्दी. कुणाचा फोन चार्ज नाही, कुणी सांकेतिक आकडा विसरलेलं, शिपाई दाराला फोन चोळतोय, जसं काही दाराला पॉलिश करायचंय. अकरापर्यंत सगळं सुरळीत झालं.

पूर्वी आत येताना कार्ड लागायचं, बाहेर पडायला भिंतीवर एक बटण होतं. आता बाहेर पडायलाही फोन लागतो. आणि स्वच्छतागृह आहे काचेच्या दाराबाहेर, लिफ्टच्या बाजूला. त्यामुळे हॅलोताईला जायचं झालं की ती माझ्या टेबलाशी येते, मी उठते, फोन दाराला लावते. ती परत आली की काचेवर टिचकी मारते, मी पुन्हा उठते.

सोबत्याने दार उघडलं की फोनवर एक चौकट येते. कुणासाठी, आणि खाली ‘कारण’. लेखा विभागातल्या मुलाने पाहुण्यासाठी दार उघडलं तेव्हा कारणात नुसतं एक टिंब दिलं. चालतं म्हणे. मला नाही चालत. आमच्या सिस्टर म्हणायच्या, रिकामा सोडलेला रकाना म्हणजे अर्धं खोटं. मी लिहिते. आज सात वेळा लिहिलं: ‘स्वच्छतागृह’.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

किती दिवसांनी आमच्या एवढ्या गप्पा होताहेत. गेली काही वर्षं ती तिच्या टपालाच्या खोपट्यात, मी इकडे. जेवणाच्या सुट्टीत तेवढी भेट. आता दिवसाला आठ-नऊ फेऱ्या होतात. दारापर्यंत वीस पावलं आहेत. त्या वीस पावलांत तिने मला काय काय सांगितलं. लेकीच्या घराचं, शेजारणीचं, आणि आज दबक्या आवाजात स्वतःचंही. मागच्या वर्षीच्या ऑपरेशननंतर तिला लघवी धरवत नाही. जायचं म्हणजे लगेच जायचं. पिशवीत एक कपड्यांचा जोड ठेवते. “हे फक्त तुला सांगतेय, मिस. घरी यांनाही माहीत नाही.”

मला भरून आलं. इतक्या वर्षांची मैत्री म्हणजे दुसरं काय असतं.

तिच्या यजमानांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. त्याचा सगळा भार कंपनीवर आहे. पूर्ण मुदत भरून निवृत्त झालं तर नवरा-बायको दोघांचा दवाखाना पुढे जन्मभर कंपनीच बघते. मध्येच नोकरी सुटली तर त्याच महिन्यात सगळं बंद. तिची मुदत भरायला चौदा महिने आहेत. ही फाइल माझ्याच कपाटात असल्यामुळे महिने मी मोजते, ती नाही. आज सांगितलं तर म्हणाली, चौदा महिने मी काय, माझा बापसुद्धा धरून ठेवेल. आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली की आम्हाला पळत दार गाठावं लागलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

कारण लिहिण्यात आता हात बसलाय. नुसतं ‘स्वच्छतागृह’ लिहिलं तर दिवसाच्या नोंदी एकसारख्या दिसतात आणि कुणाला वाटेल की मी डोळे मिटून लिहिते. म्हणून थोडं तपशिलात लिहिते. ‘स्वच्छतागृह, तातडीने.’ ‘स्वच्छतागृह, अर्ध्या तासात दुसऱ्यांदा.’ आज दुपारी: ‘कपडे बदलण्यासाठी.’ काल यजमानांची तब्येत बिघडल्याचा फोन आला तेव्हा ती जिन्यात जाऊन बसली होती. तेव्हा मी लिहिलं: ‘रडून येण्यासाठी.’

घरी वहिनीला हे सांगत होते, तर ती भाजी चिरता चिरता थांबली. म्हणाली, हे कोण वाचतं?

मी म्हटलं, कोण वाचणार, यंत्रात जातं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

दारवाले साहेब आज स्वतः माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, संपूर्ण इमारतीत सोबत्यांच्या नोंदी फक्त तुमच्याच पूर्ण आहेत, मॅम. बाकीचे टिंबं देतात. तुमच्या नोंदी मी वर नमुना म्हणून पाठवल्या.

आमच्या मॅडम, म्हणजे आस्थापना विभागाच्या प्रमुख, त्यांनीही बैठकीत माझं नाव घेतलं. बावीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा घेतलं होतं ते मी मजल्यावर शिरलेलं मांजर पकडलं तेव्हा.

घरी येताना केक आणला. भाऊ म्हणाला, काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, सहज.

२६ फेब्रुवारी, सोमवार

हॅलोताई आज सकाळी नाचतच आली. लेकीने आपला जुना फोन तिला दिलाय. काचेला कोपऱ्यात तडा आहे, पण चालतो. “घे मिस, जोड. सुटलीस माझ्या चाकरीतून.”

मी म्हटलं, बघते. तेव्हा खरंच माझ्यासमोर रजेचे अर्ज होते.

दुपारी तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, यंत्रणा हळू चालतेय. तशी ती खरंच कधी कधी हळू चालते.

दहा वेळा उठले आज. गुडघा दुखतो, पण तिच्यासाठी काही वाटत नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

फोन माझ्या खणात आहे. ती मला म्हणाली, माझा मला लावता येत नाही, तुझ्याकडेच राहू दे, जोडलास की दे. मी बंद करून ठेवला, बॅटरी उतरू नये म्हणून.

घरी वहिनीने विषय काढला. दोन मिनिटांचं काम आहे तर करून का टाकत नाहीस? मी म्हटलं, अगं, तिला तो फोन झेपायचा नाही. उलटी बटणं दाबेल, दारात अडकेल, हसं होईल. मी आहे तोवर तिला कशाला त्रास. वहिनी म्हणाली, “तिला त्रास नको की तुला सुनं सुनं नको?” वहिनीची जीभ लग्न होऊन आली तेव्हापासून अशीच आहे. भाऊ वर्तमानपत्रामागे गेला.

सोमवारी जोडून टाकीन. महिन्याची सुरुवात बरी असते अशा कामांना.

५ मार्च, मंगळवार

काल रजेच्या हिशोबात दिवस गेला, फोन राहिलाच. आज मॅडमनी हॅलोताईला बोलावलं. तिला वाटलं, टपालाच्या नव्या कपाटाबद्दल असेल. ती अर्ध्या तासाने बाहेर आली ती थेट माझ्याकडे. हातात कागद होते, सहा-सात पानं, टाचणी लावलेली.

दाराजवळ गेलो तेव्हा तिने मला ती पानं वाचायला दिली. तारीख, वेळ, कारण. किती मिनिटं बाहेर, तेही यंत्राने काढलं होतं. ओळीच्या ओळी माझ्या शब्दांत. कुठेही शुद्धलेखनाची चूक नव्हती. कुणीतरी ‘कपडे बदलण्यासाठी’ आणि ‘रडून येण्यासाठी’ या नोंदी पिवळ्या रंगाने रंगवल्या होत्या.

मी म्हटलं, अगं पण हे सगळं खरंच आहे.

तिने पानं परत घेतली. मग म्हणाली की उद्या मॅडम आणि दारवाले साहेब मलाही बोलावणार आहेत. ही माणसं तिला कामास अपात्र ठरवायचं बघताहेत. नोंदी खऱ्या ठरल्या तर कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवतील.

“मिस, खोटं बोलू नकोस. फक्त आठवत नाही म्हण. अंदाजाने लिहिलं म्हण. तेवढ्याने निभावेल.”

मी तिचा हात धरला. म्हटलं, मी सगळं नीट समजावून सांगते त्यांना, तू घाबरू नकोस. तिचा हात गार होता. मग तिला जायचं होतं म्हणून दार उघडलं. आज कारणात काय लिहावं कळेना. शेवटी नेहमीचंच लिहिलं. मध्येच पद्धत बदलली तर संशय यायचा.

६ मार्च, बुधवार

रात्रभर विचार करून ठरवलं होतं की मनापासून बोलायचं. माणसं वाईट नसतात, त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

मॅडमच्या खोलीत ते दोघे होते आणि भिंतीपाशी हॅलोताई. तिला खुर्ची दिली होती पण ती उभीच होती. साहेबांनी पानं पुढे केली. हे तुम्हीच लिहिलंय ना, मॅम?

मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, अंदाजाने की बघून? हॅलोताई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मी अंदाजाने काही लिहीत नाही. बावीस वर्षांत माझ्या कुठल्याही नोंदीवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

मग मी जे ठरवून आले होते ते बोलले. म्हटलं, “मॅडम, यात तिचा दोष नाही हो. ती टाळाटाळ करत नाही. ऑपरेशनपासून बिचारीला धरवतच नाही. पिशवीत कपडे घेऊन फिरते. घरी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही तिने. माणुसकीने बघा.” माझे डोळे भरून आले होते. मॅडम माझ्याकडे खूप मायेने बघत होत्या आणि लिहून घेत होत्या.

साहेबांनी विचारलं, ऑपरेशन कधी झालं? मी महिना सांगितला. रजेचा अर्ज माझ्याकडेच आला होता, त्यावर तिने ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं, तेही सांगावं लागलं.

हॅलोताई तेव्हा पहिल्यांदा बोलली. “मिस, बस.”

एवढंच. शाळेत गडबड करणाऱ्या मुलीला सांगावं तसं. मला वाईट वाटलं, पण तिची मनःस्थिती मी समजू शकते.

११ मार्च, सोमवार

कंपनीच्या डॉक्टरचा कागद आला. कामास अपात्र. महिनाअखेर शेवटचा दिवस. पत्र माझ्याच विभागाने टाइप करायचं, म्हणून मी केलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर रुक्ष झालं असतं. मी ‘प्रदीर्घ आणि निष्ठापूर्ण सेवेबद्दल’ हे शब्द घातले. मॅडमनी ते ठेवले.

पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात यजमानांच्या उपचाराचं आहे. एकतीस मार्चपासून बंद. तो परिच्छेद ठरलेला असतो, त्यात शब्द बदलता येत नाहीत.

मग खणातला फोन आठवला. काढला, चालू केला, तिचं नाव संगणकावर काढलं. लाल अक्षरात आलं की जाणाऱ्या माणसाची नवी नोंदणी होत नाही. मी दोनदा करून पाहिली.

फोन तिला परत द्यायला टपालाच्या खोलीत गेले. म्हटलं, यंत्र घेत नाहीये गं. तिने फोन घेतला, तड्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, किती वेळ लागला असता जोडायला?

मी म्हटलं, फार नाही.

“किती?”

मी म्हटलं, दोन मिनिटं. तिने मान हलवली, एखाद्या पाकिटावरचा पत्ता बरोबर आहे म्हणून हलवावी तशी, आणि टपालाचे शिक्के मारायला लागली.

२१ मार्च, गुरुवार

दहा दिवसांत हॅलोताई माझ्या टेबलाशी आलेली नाही. कुणी बाहेर जायला निघालं की ती त्याच्या मागून निघते. परत येताना लिफ्टपाशी उभी राहते, कुणी आत शिरलं की शिरते. एका फोनवर दोघांनी जायचं नाही असा नियम आहे, पण लोक तिला जाऊ देतात. कधी कधी पंधरा-वीस मिनिटं दारापाशी उभी दिसते, पायाची अढी घालून. मी दोनदा उठून गेले, तर ती टपालाच्या खोलीकडे वळली.

आज दुपारी वरच्या मजल्यावर सगळ्यांची सभा होती. हजेरी सक्तीची. खाली फक्त मी, कारण आस्थापनेतून एकाने थांबायचं होतं, आणि ती, कारण जाणाऱ्या माणसाला सभेला बोलावत नाहीत. मजला इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता.

साडेतीनच्या सुमारास ती खोलीतून बाहेर आली आणि काचेच्या दारापाशी उभी राहिली. बाहेर कुणी नाही, आत कुणी नाही. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाट पाहिली. हाक मारील, ‘मिस’ म्हणेल. एकदा म्हणाली असती तरी मी धावले असते. तिने दाराच्या काचेला कपाळ टेकवलं.

मग मीच उठले. वीस पावलं चालले. तिच्या खांद्यावरून हात पुढे करून फोन लावला. हिरवा दिवा लागला, दार उघडलं.

“नको,” ती म्हणाली.

मी म्हटलं, असं काय करतेस, जा ना. ती हलली नाही. पाच सेकंदांनी दार आपोआप बंद झालं. मी पुन्हा उघडलं. पुन्हा बंद झालं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा मला आवाज आला आणि मी खाली पाहिलं. तिच्या चपलांभोवती ओलं पसरत होतं. ती ताठ उभी होती, समोर उघड्या दाराकडे बघत, जसं काही दुसऱ्याच कुणाचं काही सांडलं होतं.

मी पळत जाऊन फडकं आणलं. तिने ते माझ्या हातातून घेतलं, गुडघ्यांवर बसून सगळी फरशी पुसली, माझ्या बुटाच्या टोकाशी आलेलंसुद्धा. मी म्हणत होते, अगं राहू दे, मी पुसते. ती पुसत राहिली. मग उठली, पिशवी आणायला आत गेली, आणि सभा सुटून पहिला माणूस जिन्यात येईपर्यंत ओल्या कपड्यांनी दाराशी उभी राहिली. तो शिपाई होता. त्याने दार उघडलं. त्याला ती म्हणाली, “थँक्यू रे बाबा.”

मला एका शब्दाने बोलली असती तर.

२ एप्रिल, मंगळवार

हॅलोताईचा शुक्रवारी शेवटचा दिवस होता. निरोपाला मी फुलं आणली होती. ती दुपारीच निघून गेली होती, मला कुणी कळवलं नाही. फुलं टपालाच्या खोलीत ठेवली.

आज लेखा विभागातल्या साहेबांकडून कळलं की तिच्या यजमानांना आता आठवड्यातून तीनऐवजी एकदाच नेतात. तेही जमेल तोवर, असं ते म्हणाले. मी जेवले नाही. घरी वहिनीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, डोकं दुखतंय. ती म्हणाली, दुखायलाच हवं. आणि ताट उचलून घेऊन गेली.

कंपनीचं गोदाम बंद झालं, तिथले एक काका आजपासून आपल्याकडे आवक-जावकला आलेत. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. त्यांच्याकडेही साधाच फोन. मॅडमनी बैठकीत विचारलं, यांचा सोबती कोण? सगळे खाली बघायला लागले. इतकी मोठाली माणसं, पण कुणाला दोन पावलं चालायचं जिवावर येतं. मी हात वर केला.

काका साधे आहेत. पहिल्याच दिवशी दाराकडे जाताना त्यांनी हळूच सांगितलं की त्यांना दम लागतो, दर तासा-दीड तासाने जिन्यातल्या खिडकीशी उभं राहून श्वास घ्यावा लागतो. पण हे गोदामात कुणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही निर्धास्त राहा.

जेवणाच्या सुट्टीत समोरची खुर्ची हल्ली रिकामी असते. उद्यापासून डबा घेऊन माझ्याच टेबलाशी या, असं मी त्यांना सांगितलं. ते लगेच हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.